खडी आम्ही फोडली, वाट कुणाची?

(इंदापूर तालुक्यातल्या एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मी ऐकलं. चहाच्या वेळी एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारलंही, "बाई, सायकलीवर हिंडायला जाणं हा काय मेळाव्यात बोलायचा विषय झाला? दारूवर बोला, पोरींची लवकर लग्नं होतात त्यावर बोला." आजी, मी त्यावरच बोलणार आहे. फक्त तिथवर सायकलीवरून जाणार आहे.

आधी आपल्या दोन तालुक्यांचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. दक्षिणेला नीरा. मधून कऱ्हा येते, मोरगावावरून, बारामती गावातून, आणि सोनगावला नीरेला मिळते. नीरा तशीच पुढं वाहत नरसिंहपूरला भीमेच्या पोटात जाते. इंदापूरच्या वरच्या अंगाला भीमा, म्हणजे १९८० साली धरण पुरं झाल्यापासून उजनीचं पाणी. आणि या नद्यांच्या मधून माणसानं काढलेली चौथी नदी, नीरा डावा कालवा. पुस्तकात कालवा, आपल्या तोंडात कॅनॉल. इंग्रजांच्या काळात, १८७६-७७ च्या दुष्काळानंतरच्या दशकात हे काम झालं. वीरजवळून निघालेला हा कॅनॉल बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात येतो. त्याच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला बराचसा जिरायत माळ. एकाच तालुक्यात एका घरी दोन ट्रॅक्टर आणि दुसऱ्या घरी टँकरची वाट बघणारी घागर, याचं कारण या पाण्याच्या रेघेत आहे. पण तो आजचा विषय नाही.

आजचा विषय त्या कॅनॉलच्या भरावावरून जाणारी मुरमाची वाट. पाटकऱ्याला आणि साहेबाला पाणी बघत फिरता यावं म्हणून खात्यानं ती केली. वस्त्यावरची माणसं तिच्यावरून रोज जातात. कडेला झाडं आहेत, चढ-उतार जवळजवळ नाही, कारण पाणी चढ चढत नाही. मुख्य म्हणजे तिथं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भरधाव अंगावर येत नाहीत. गाळपाच्या हंगामात संध्याकाळी साडेपाचला डांबरी रस्त्यावरून सायकलीनं घरी येणाऱ्या मुलीला विचारा. तिला ट्रॉलीच्या मागचा दिवा दिसत नाही, कारण तो नसतोच.

परदेशात अशा खडीच्या नि मुरमाच्या वाटांवर सायकल चालवण्याचा आता खेळच झाला आहे. त्याला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. अमेरिकेत कॅन्सस नावाच्या राज्यात २००६ साली चौतीस माणसं दोनशे मैलांच्या कच्च्या रस्त्यावर शर्यतीला उतरली, आज तिथं हजारो येतात. मला त्यातली शर्यत तेवढी भावली नाही, जेवढी जागा भावली. तो सगळा गवताळ मुलूख आहे. माती पातळ, खाली चकमकीचा दगड, त्यामुळं नांगर चालला नाही आणि गवत टिकून राहिलं. ऐकल्यावर सुप्याचा आणि कडबनवाडीचा माळ आठवला की नाही? आपल्याकडंही आता पुण्याहून गाडीच्या टपावर सायकली बांधून माणसं येतात, भिगवणला रोहित पक्षी बघतात, माळावर फोटो काढतात नि दुपारी परत जातात. त्यांत बायका थोड्या, आणि गावातली बाई तर एकही नाही. २०२६ च्या जानेवारीत आपल्या जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर नावाची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले. शर्यत पुरुषांची होती. आपण रस्त्याच्या कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या.

आता खडीचं बोलू. हा शब्द आपल्या आयांच्या आणि सासवांच्या तोंडून ऐकलाय तसा कुठल्याही खेळाडूच्या तोंडून ऐकायला मिळायचा नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली कुणी? महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर लाखो माणसं होती, त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. हातोडी, बोटाला बांधलेली चिंधी, पाटीखाली चुंबळ, आणि शेजारी झाडाला टांगलेल्या झोळीत मूल. पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, गावोगावचे मुरमाचे रस्ते झाले. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला, आणि बाई-पुरुषाला सारखी मजुरी हे तत्त्व त्यात आलं. म्हणजे आपल्या पायाखालचा मुरूम कुठल्यातरी बाईनं पाटीतून वाहिलेला आहे. ती त्या रस्त्यावरून पुढं कधी गेली? गेली, डोक्यावर भारा घेऊन. सरपणाला, पाण्याला, खुरपायला, माहेरी बाळंतपणाला.

माझं म्हणणं इथं आहे. बाईला रस्ता आहे, पण कामापुरता. "कुठं चाललीस?" या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर लागतं. दळण, दवाखाना, देव, शाळा, बचत गटाची बैठक. "उगीच" हे उत्तर चालत नाही. पुरुष पारावर बसतो, त्याला कुणी विचारत नाही की बाबा कशासाठी बसलास. मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली यावर एक इंग्रजी पुस्तकच लिहिलं, 'व्हाय लॉयटर' नावाचं. बायकांनी विनाकारण का हिंडू नये, असा त्यांचा सवाल. तो शहरातल्या फूटपाथचा आहे असं आपल्याला वाटतं. मला तो कॅनॉलच्या वाटेवर जास्त लागू पडतो असं दिसतं. आपल्याकडं एकच सुटी बाईला मिळते, ती वारीची. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून बेलवाडीच्या रिंगणाला येते, पुढं इंदापूर गाठते. त्या रिंगणात डोक्यावर तुळस घेऊन साठीची बाई पळते, आणि सगळं गाव कौतुकानं बघतं. कारण पुढं विठोबा उभा आहे. तीच बाई आठ दिवसांनी त्याच रस्त्यानं नुसती वाऱ्याला म्हणून निघाली तर?

ज्यांना हे चैनीचं वाटतं त्यांना विचारते. मुलगी दहावी झाली. ज्युनिअर कॉलेज सात-आठ किलोमीटरवर. एसटीत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना तिकिटात निम्मी सवलत आहे. पण एसटी गावात येते, वस्तीवर येत नाही. वस्ती उसात, कॅनॉलच्या कडेला, फाट्यापासून दोन-तीन किलोमीटर आत. तेवढ्या दोन-तीन किलोमीटरसाठी "पाठवायचं कसं" हा प्रश्न येतो, आणि त्याच्या पाठोपाठ मामा स्थळ घेऊन येतो. बिहार सरकारनं २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी नंतर अभ्यास केला तेव्हा आढळलं, की त्या वयाच्या मुलींची हायस्कुलातली पटनोंदणी सुमारे बत्तीस टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलीतलं अंतर चाळीस टक्क्यांनी कमी झालं. शाळा लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला. आजी, लवकर लग्नाचा प्रश्न मी आणला की नाही सायकलीवरून?

मात्र नुसती शाळेची सायकल पुरत नाही असं माझं मत आहे, आणि यावर आमच्या गटात वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, "शाळेसाठी मागा, गाव ऐकेल. हिंडण्यासाठी मागितलं तर शाळेचीही जाईल." मला हे पटत नाही. शाळेसाठी मिळालेली सायकल शाळा संपली की धाकट्या भावाकडं जाते. लग्नानंतर किती जणींनी सायकल चालवली, हात वर करा. बघा, अख्ख्या मांडवात चार हात.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची गोष्ट तुमच्यापैकी जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक असेल. १९९१ साली तिथं साक्षरता मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या, आणि त्यांनी अक्षरांबरोबर सायकल शिकवण्याचं ठरवलं. शेतमजूर बायका, दगडखाणीत काम करणाऱ्या बायका, नर्सबाई, अंगणवाडीच्या बाई, सगळ्या शिकल्या. १९९२ साली सत्तर हजारांवर बायकांनी जाहीर कार्यक्रमात सायकल चालवून दाखवली. पत्रकार पी. साईनाथ तिथं गेले होते. त्यांनी लिहून ठेवलंय की बायकांना लेडीज सायकली पुरेनात म्हणून त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना तर त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं. हे वाचून मला हसू आलं नि बरंही वाटलं. दांडी असलेली सायकल बाईनं चालवायची नाही म्हणतात, आणि तिनं त्या दांडीचाही संसार केला. भाजी विकणाऱ्या बायकांचा बसची वाट बघण्यात जाणारा वेळ वाचला, कमाई वाढली. त्यांच्यावर शेरेबाजीही झाली, ती त्यांनी ऐकून घेतली आणि पायडल मारलं.

आता आपल्या गटाचं. आम्ही नऊ-दहाजणी गेल्या पावसाळ्यापासून महिन्यातून एका रविवारी सायकलीवर निघतो. कुणी शिक्षिका, कुणी आशाताई, दोघी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत शिवणकामाला जातात, तिघी अकरावी-बारावीच्या पोरी. तिसऱ्या फेरीला कॅनॉलवर दोन मोटारसायकली आमच्या मागं लागल्या. पुढं जायच्या, थांबायच्या, पुन्हा मागं यायच्या. काय बोलले ते इथं सांगत नाही, तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलेलं आहे. आम्ही थांबलो, सायकली आडव्या लावल्या, गाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचून वहीत लिहिले. ते गेले. पण गावात बातमी आमच्याआधी पोचली, आणि ग्रामसभेत एक वडीलधारे उठले. माणूस भला. म्हणाले, "ताई, जमाना खराब आहे. पोरींना कॅनॉलवर नेऊ नका."

मी त्यांना म्हटलं, "अण्णा, तुम्ही आमच्या काळजीनं बोलताय, ते कळतं. पण मोटारसायकल त्यांची, वाईट बोलणं त्यांचं, आणि कॅनॉल बंद आमचा? मग त्यांना सांगा ना, कॅनॉलवर जाऊ नका म्हणून." सभा गप्प झाली. मग एक मावशी उठल्या, कॅनॉलवर रोज धुणं धुणाऱ्या. म्हणाल्या, "आम्हाला पण बोलत्यात ती पोरं. आमी कुनाला सांगितलं न्हाई. धुनं न्यायचं बंद केलं तर कापडं कुटं धुवू?" तिथं सगळ्यांना कळलं, की हा सायकलीचा प्रश्न नव्हताच. कामाला जाणाऱ्या बाईलाही तेच सोसावं लागत होतं. तिला परवानगी होती, सुरक्षा नव्हती. परवानगी आणि सुरक्षा एकच आहे असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय.

त्यानंतर आम्ही काय केलं ते सांगते, कारण इतर गावांतल्या मैत्रिणींना उपयोग होईल. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे आपल्या कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती वहीतच होते. आम्ही ती खरोखर भरवायला लावली आणि तिच्यात ठराव केला, की कॅनॉलच्या वाटेवर बायकांचा पाठलाग झाला तर पोलीस पाटील आणि सरपंच तक्रारीसाठी सोबत येतील. पाठलाग हा गुन्हा आहे. २०१३ साली तो भारतीय दंड संहितेत आला, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ७८ आहे. तातडीला ११२ नंबर लावायचा. नंबर पाठ असू द्या, मोबाइलला रेंज नसेल तिथं आधीच ठरवून ठेवा की कुणाच्या वस्तीवर जायचं. आमच्याकडं आता वाटेवरच्या अकरा वस्त्यांवरच्या बायकांची नावं लिहिलेली आहेत. पाणी पाजतात, ताक देतात. त्यातल्या दोघी पुढच्या फेरीला येणार आहेत, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

उसाचं भय खरं आहे, ते मी नाकारत नाही. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर. वाट बोगद्यासारखी होते. म्हणून आम्ही ऊस बघून मार्ग ठरवतो. तोड झाली की रान मोकळं होतं, पार नदीपर्यंत दिसतं. माघ-फाल्गुनात नीरेच्या काठानं सोनगावच्या संगमाकडं जायला तो काळ चांगला. श्रावण-भाद्रपदात ऊस माजलेला, तेव्हा माळाकडं जायचं, माळावर लपायला जागाच नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं, भीमेच्या काठानं गाळपेराची रानं उघडी पडतात, पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. भिगवण, कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी असतात तोवर ती वाट धरायची. आणि कॅनॉलवर एक पथ्य पाळा. जिथं सिमेंटचं अस्तर आहे तिथं काठ निसरडा नि तिरका असतो, आवर्तन चालू असताना पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. तिथं एकेरी ओळीत, पाण्यापासून लांबच्या चाकोरीनं जायचं.

माळाबद्दलही थोडं बोलायला हवं. सरकारी कागदावर त्याला पडीक म्हणतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं ते चिंकाऱ्यासाठी, तो जेमतेम पाच चौरस किलोमीटरचा तुकडा आहे. चिंकारा, लांडगा, खोकड या हद्दीबाहेरच्या माळावरच जास्त हिंडतात. कडबनवाडीला आणि शिर्सुफळला वनखात्याची गवताळ सफारी आहे, तिथं त्यांच्या नियमानं जायचं. आपण सायकली गाडीवाटेवरच ठेवायच्या, गवतात घालायच्या नाहीत, कारण माळावरचे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. आणि माळ रिकामा नसतो. मेंढरं घेऊन धनगर बाई तिथं असते. कासोटा घातलेली, खांद्यावर कोकरू, पायात जाड वहाणा. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर ती चालते आणि तिला कुणी खेळाडू म्हणत नाही. आपण शहरातल्या लोकांसारखं तिचा फोटो काढून पुढं जायचं नाही. थांबायचं, विचारायचं. कुठली वाट पाण्यानं तुटली, कुठं कुत्री आहेत, कुठल्या बांधावरचा शेतकरी तापट आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

एक नाजूक गोष्ट. मुलीनं सायकल चालवली की तिचं "काहीतरी फाटतं" आणि लग्नात अडचण येते, असं अजूनही आया कुजबुजतात. डॉक्टरांना विचारून स्पष्ट सांगते. योनीमुखाशी असलेला पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, काहींना जन्मतःच जवळजवळ नसतो, खेळताना, उड्या मारताना तो ताणला जाऊ शकतो, आणि त्यावरून कुणाचंही कौमार्य कळत नाही. कौमार्य बघण्याचा हट्टच मुळात हीन आहे, ते वेगळं. पाळीत सायकल चालवता येते का? दुखत नसेल तर येते, दुखत असेल तर घरी बसावं, जसं इतर कामाचं तसंच. गर्भाशय खाली आलं असेल, टाके ताजे असतील, तर मात्र आधी दवाखान्यात विचारा.

आणि सायकल कोणती? ग्रॅव्हलची म्हणून जी विकतात, वाकड्या हँडलची नि रुंद टायरची, ती पन्नास हजाराच्या पुढं जाते. तिची काही गरज नाही. घरातली साधी सायकल घ्या, तिला मिळेल तेवढा रुंद टायर बसवा, आणि मुरमावर हवा थोडी कमी ठेवा. टायर दगडावरून उसळत नाही, हाताला मुंग्या येत नाहीत. साडी नेसायची असेल तर चेनला कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच, पदर खोचलेला. आपला खरा शत्रू सराटा. दिसायला पिवळं फूल, पण काटा असा की दोन्ही ट्यूबा एकदम बसतात. म्हणून गटातल्या प्रत्येकीनं पंक्चर काढायला शिकायचं. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा बघायचा, घासायची, सोल्यूशन लावून वाळू द्यायचं, मग ठिगळ. आमच्यातल्या आशाताई आता बारा मिनिटांत काढतात. त्यांच्या वस्तीवरची पोरं सायकल घेऊन त्यांच्याच दारात येतात, त्या दहा रुपये घेतात.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलीवर जगाची फेरी पुरी केली, एकशे एकोणसाठ दिवसांत सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर. तिचा अभिमान आहेच. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या बाई एकसष्ट वर्षांच्या आहेत, त्यांचा आजवरचा विक्रम चौदा किलोमीटर. त्यांनी घरी काय सांगितलं होतं? "हिंडायला चालले." मुलानं विचारलं, "कशाला?" त्या म्हणाल्या, "सांगितलं की, हिंडायला."

आता कामाचं. जलसंपदा खात्याकडं अर्ज द्यायचा आहे. त्या वाटेवर मोऱ्यांचे कठडे तुटलेत ते बांधावेत आणि बाभळीच्या फांद्या छाटाव्यात, एवढीच मागणी आहे. डांबर मागू नका. डांबर आलं की ट्रॉल्या येतील. अर्जाची प्रत मंडपाच्या दाराशी ठेवली आहे, सह्या करून जा, अंगठाही चालतो. पुढची फेरी शेटफळ हवेलीच्या तलावाकडं, येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेसहाला निघायचं. भाकरी आपापली. गटाकडं पंप दोनच आहेत, त्यातल्या एकाचा वॉशर गेलाय, ज्यांच्या घरी पंप असेल त्यांनी घेऊन या.